थॉमस क्रॅपरचं आडनाव आणि त्याला चिकटलेला फॉरवर्ड

१९ नोव्हेंबरला, म्हणजे जागतिक शौचालय दिनाच्या सुमारास, एक मजकूर हमखास डोकं वर काढतो. थोड्याफार फरकाने तो असा: ‘इंग्लंडच्या सर थॉमस क्रॅपर या प्लंबरने फ्लशच्या संडासाचा शोध लावला. राणी व्हिक्टोरियाने खूश होऊन त्याला सर किताब दिला. इंग्रजीतला क्रॅप (म्हणजे शी, घाण) हा शब्द त्याच्याच आडनावावरून आला. पुढे लाजेखातर त्याच्या वंशजांनी आडनाव बदललं आणि आज ते नामशेष झालं आहे.’ खाली हसून लोळणारे इमोजी.

चार वाक्यांत चार दावे, आणि चारही चुकीचे. तरी गोष्ट टिकून आहे, कारण थॉमस क्रॅपर नावाचा माणूस खरोखरच होऊन गेला आणि तो खरोखरच संडासांच्या धंद्यात होता. मला यात सगळ्यात जास्त राग येतो तो आडनावाच्या बाबतीत. एका जुन्या, कष्टकऱ्यांच्या आडनावाचा पार विनोद झाला आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

क्रॅपर हे क्रॉपर या आडनावाचं बोलीतलं रूप आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्रॉप’ म्हणजे रोपाचा शेंडा, कणसाचा तुरा. त्यावरून शेंडे छाटणं, कणसं खुडणं, पीक कापणं या कामांना ते क्रियापद लागलं आणि ते काम करणारा तो क्रॉपर. बेकर, थॅचर, फुलर, वॉकर या आडनावांच्या रांगेतलंच हे एक. इंग्लंडमध्ये नॉर्मन लोक १०६६ मध्ये आले, त्यानंतरच्या तीनशे-साडेतीनशे वर्षांत आडनावं हळूहळू वंशपरंपरागत झाली. तोवर माणसाची ओळख त्याच्या धंद्यावरून, गावावरून किंवा बापाच्या नावावरून व्हायची. उत्तरेकडच्या यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये कापणीवाल्याला क्रॉपर म्हणत, आणि बापाचं काम पोराने सोडलं तरी नाव चिकटून राहिलं.

आता ‘ऑ’चा ‘ॲ’ कसा झाला? इंग्रजीच्या कितीतरी बोलींमध्ये तो तसा होतो. वस्तरा परजायच्या चामडी पट्ट्याला इंग्रजीत स्ट्रॉप म्हणतात, आणि आपण बॅगेला लावतो तो स्ट्रॅप म्हणजे त्याच शब्दाचं दुसरं रूप. स्कॉटलंडमध्ये ‘टॉप’ला ‘टॅप’ आणि ‘क्रॉप’ला ‘क्रॅप’ म्हणतात. त्यात जुन्या चर्चच्या नोंदवह्यांमध्ये पाद्री किंवा कारकून कानावर पडेल तसं नाव लिहून घ्यायचा. सांगणाऱ्याला बहुधा लिहिता-वाचता येत नसे, त्यामुळे चूक दाखवणारं कुणी नव्हतं. एका कुळात बारशाला क्रॉपर आणि लग्नाला क्रॅपर अशा नोंदी होणं यात नवल काही नाही.

इथे आणखी एक गल्लत होते, आणि ती फॉरवर्डवाले नाही तर चांगले वाचणारे लोक करतात. यॉर्कशरच्या पश्चिम भागात लोकरीच्या गिरण्यांत क्रॉपर नावाचे कारागीर असत. लोकरी कापडावरची लव काटेरी बोंडांनी उभी करायची आणि मग प्रचंड मोठ्या कात्रीने ती एकसारखी कातरायची, हे त्यांचं काम. ही कात्री वीस किलोच्या आसपास वजनाची असे. सतत ती पेलून त्यांच्या मनगटाला घट्टा पडे, आणि त्यावरून क्रॉपर ओळखू येई म्हणतात. हेच लोक १८१२ मध्ये कातरायच्या यंत्रांवर हातोडे घेऊन तुटून पडले. त्यांना आपण लुडाइट म्हणून ओळखतो. रॉफोल्ड्सच्या गिरणीवर त्या वर्षी एप्रिलमध्ये झालेला हल्ला प्रसिद्धच आहे. क्रॉपर नाव आणि यॉर्कशर एकत्र दिसलं की या कारागिरांची आठवण होणं साहजिक आहे. पण मध्ययुगात, म्हणजे आडनावं ठरत होती तेव्हा, कापड कातरणाऱ्याला शिअरमन म्हणायचे. शर्मन हे आडनाव त्यातून आलं. एखाद्या कुळाचं क्रॉपर गिरणीतून आलं असेलही, पण आडनावाचं मूळ शेतातच शोधायला हवं.

मग ‘क्रॅप’ या शब्दाचं काय? तो थॉमसच्या आधीपासून, कित्येक शतकं आधीपासून, इंग्रजीत आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्राप्पा’ म्हणजे धान्याचं फोलपट. जुन्या फ्रेंचमध्येही चाळून उरलेल्या गाळसाळाला जवळपास हाच शब्द होता. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत तो आला तेव्हा त्याचा अर्थ होता खळ्यात उफणल्यावर उडून जाणारा भुसा. पुढे पिकातलं तण, चरबी कढवल्यावर तळाशी राहणारी बेरी, पिंपाच्या बुडाचा बिअरचा गाळ, सगळ्यांनाच तो लागू झाला. थोडक्यात, कामाचं काढून घेतल्यावर जे उरतं ते. तिथून माणसाच्या पोटातून उरून बाहेर पडणाऱ्या गोष्टीपर्यंत यायला शब्दाला फार लांब चालावं लागलं नाही.

या शेवटच्या अर्थाची छापील नोंद ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १८४६ ची आहे. चोरांच्या बोलीत ‘केन’ म्हणजे घर, आणि ‘क्रॅपिंग केन’ म्हणजे संडास. त्या साली थॉमस क्रॅपर दहा वर्षांचा होता. त्याचा बाप्तिस्मा २८ सप्टेंबर १८३६ ला झाला, गाव यॉर्कशरमधल्या थॉर्नजवळचं वॉटरसाइड. दहा वर्षांच्या त्या मुलाने तोवर एकही नळ जोडलेला नव्हता. लंडनच्या चेल्सी भागात प्लंबर असलेल्या थोरल्या भावाकडे, जॉर्जकडे, तो उमेदवारीला लागला तोच १८५३ मध्ये. शब्द माणसाच्या आधीचा आणि आडनाव त्याच्याही कितीतरी आधीचं, इतका हा सरळ हिशेब आहे. संडासवाल्याचं आडनाव नेमकं असं निघावं हा योगायोगच, पण लोकांना योगायोग पचत नाही. त्यांना त्यामागे कुणाचा तरी हात हवा असतो.

दाव्यातला अर्धामुर्धा खरा असू शकणारा भाग इथेच आहे, तो नाकारायचं कारण नाही. अमेरिकन बोलीत संडासालाच ‘क्रॅपर’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमार्गे गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी भिंतीवरच्या टाक्यांवर ओतीव अक्षरांत ‘टी. क्रॅपर, चेल्सी’ असं वाचलं, हसले आणि तो शब्द घरी घेऊन गेले, असं सांगतात. अमेरिकेत हा शब्द छापील रूपात त्या युद्धानंतरच दिसू लागतो, त्यामुळे गोष्टीत तथ्य असावं असं मलाही वाटतं. पण ‘क्रॅप’ आधी होतं म्हणूनच त्या नावावर विनोद झाला. मूळ शब्द माहीत नसता तर टाकीवरचं नाव वाचून कोण हसलं असतं?

आता शोधाकडे येऊ. फ्लशच्या संडासाला एकच असा बाप नाही. पहिली राणी एलिझाबेथ हिचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने बाथजवळच्या केल्स्टन इथे आपल्या घरात असा संडास बांधला आणि १५९६ मध्ये त्याचं वर्णन छापलं. वर टाकी, खाली भांडं, मध्ये झडप. राणीसाठीही त्याने रिचमंडच्या राजवाड्यात एक बसवला. (सर किताब खरा होता तो या माणसाला.) पण त्याच्या यंत्रात एक मोठी खोट होती. खालचा वास वर यायला आडकाठी नव्हती.

ती आडकाठी १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घातली. सांडपाण्याच्या नळीला त्याने इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखं वळण दिलं. वळणात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटारातली हवा तिथे अडते. आजही हार्डवेअरच्या दुकानात कमोड घ्यायला गेलात तर दुकानदार आधी विचारतो, ‘एस ट्रॅप का पी ट्रॅप?’ पाइप जमिनीत जात असेल तर एस, भिंतीत जात असेल तर पी. त्या प्रश्नातला एस हा कमिंगच्या पेटंटातला. तीन वर्षांनी, १७७८ मध्ये, जोसेफ ब्रामा याने झडपेत सुधारणा करून स्वतःचं पेटंट घेतलं. हाही यॉर्कशरचाच, आणि मुळात सुतार. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कात भरलेल्या जंगी प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याने सार्वजनिक फ्लश संडास बसवले आणि एक पेनी घेऊन ८,२७,२८० लोकांनी ते वापरले. त्या उन्हाळ्यात क्रॅपर चौदा वर्षांचा होता. ज्या वस्तूचा ‘शोध’ त्याने पुढे लावायचा होता, ती वस्तू पैसे देऊन वापरणाऱ्यांची संख्या तोवर आठ लाखांवर गेली होती!

मग क्रॅपरने केलं तरी काय? १८६१ मध्ये त्याने चेल्सीत स्वतःचं दुकान थाटलं. पितळी सामान ओतायचा कारखानाही त्याचाच होता. त्याच्या नावावर नऊ पेटंटं आहेत: काही सांडपाण्याच्या नळ्यांची, काही संडासातल्या सुधारणांची, एक मॅनहोलच्या झाकणाचं. फ्लशच्या संडासाचं त्यात एकही नाही. फॉरवर्डच्या जरा शहाण्या आवृत्तीत ‘निदान सायफनची टाकी तरी त्याची’ असं म्हटलेलं असतं, तेही खरं नाही.

या सायफनचं प्रकरण मात्र बारकाईने बघण्यासारखं आहे. जुन्या टाक्यांना तळाशी झडप असे. झडप झिजली की पाणी रात्रंदिवस भांड्यात ठिबकत राही. काही लोक तर भांडं स्वच्छ राहावं म्हणून साखळी मुद्दाम ओढून बांधून ठेवत. लंडनला पाणी पुरवणाऱ्या कंपन्या यामुळे मेटाकुटीला आल्या होत्या. १८७० च्या दशकात नियम आले आणि एका फ्लशला दोन गॅलनची मर्यादा पडली. मग झडपच नको, असा विचार पुढे आला. टाकीच्या आत उलट्या ‘यू’सारखी नळी ठेवायची. साखळी ओढली की थोडं पाणी उचललं जाऊन त्या वळणावरून पलीकडे पडतं आणि मागचं सगळं पाणी आपोआप ओढून नेतं. टाकी रिकामी झाली, हवा शिरली, की थांबलं. तळाला भोकच उघडत नसल्यामुळे गळायचा प्रश्न नाही. अशा ‘आवाज न करणाऱ्या, बिनझडपेच्या पाणीबचत टाकी’चं १८९८ चं पेटंट, क्रमांक ४९९०, अल्बर्ट गिब्लिन या माणसाच्या नावावर आहे. क्रॅपरच्या कंपनीने तशी टाकी विकली, त्यावर आपलं नाव ओतलं आणि जाहिरात जोरात केली. सायफनमध्ये सुधारणा करणारा घरातला माणूस म्हणजे थॉमसचा पुतण्या जॉर्ज. ब्रिटनमध्ये या सायफनची सक्ती २००१ पर्यंत टिकली, इतकी ती युक्ती पक्की होती.

विकण्यात मात्र थॉमसचा हात धरणारा कुणी नव्हता. संडासाबद्दल चारचौघांत बोलणंही असभ्य समजलं जायचं त्या काळात त्याने दुकानात भांडी उघड मांडली, गिऱ्हाइकाला वापरून बघा म्हणाला. त्याचं नाव उरलं ते या धंदेवाईकपणामुळे आणि प्रत्येक टाकीवर, झाकणावर ते ओतून ठेवल्यामुळे. गिब्लिनने ते केलं नाही.

सर किताबाचं चटकन आटपू. त्याला तो कधीच मिळाला नाही, ना व्हिक्टोरियाकडून ना दुसऱ्या कुणाकडून. १८८० च्या दशकात युवराज एडवर्डने सॅन्ड्रिंगहॅमच्या वाड्याचं काम त्याला दिलं. तीस संडास, बसायला देवदारी लाकडाच्या बैठका. त्यातून राजघराण्याचा अधिकृत पुरवठादार असल्याची सनद, म्हणजे रॉयल वॉरंट, मिळाली. वॉरंट हे दुकानाच्या पाटीवर लावायचं असतं, नावाच्या आधी नव्हे.

‘वंशजांनी लाजेखातर आडनाव बदललं’ यात तर गंमतच आहे, कारण वंशजच नव्हते. थॉमसचा एकुलता एक मुलगा तान्हेपणीच गेला. धंदा पुढे चालवला तो पुतण्याने आणि भागीदाराने, आणि तोही त्याच नावाने. १९६६ मध्ये कंपनी विकली गेली तेव्हाही पाटीवर क्रॅपरच होतं. नाव खपत असताना कोण बदलतो? क्रॅपर आडनाव दुर्मिळ आहे, पण यॉर्कशरमध्ये आणि बाहेरही ते लावणारी माणसं आहेत. क्रॉपर म्हटलं तर त्याहून पुष्कळ. कंब्रियातली जेम्स क्रॉपर ही कागद गिरणी १८४५ पासून चालू आहे.

आडनावाला कंटाळून ते बदलणारे लोक इंग्लंडमध्ये होते, हे खरं. १८६२ मध्ये जोशुआ बग नावाच्या गृहस्थांनी ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली की यापुढे आपलं नाव नॉरफोक हॉवर्ड. बग म्हणजे ढेकूण, आणि नॉरफोकचे हॉवर्ड म्हणजे इंग्लंडमधलं अव्वल सरदार घराणं. लोकांनी काय करावं? ढेकणालाच ‘नॉरफोक हॉवर्ड’ म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडचे ढेकणे, उंदरे, डुकरे आडनाव तसंच ठेवून सुखाने राहतात, ते शहाणे.

शेवटी उलटा दावा, जो हल्ली स्वतःला चिकित्सक समजणारे करतात: ‘क्रॅपर नावाचा कुणी नव्हताच, ती थाप आहे.’ याचं मूळ एका लेखकात आहे. वॉलेस रेबर्नने १९६९ मध्ये क्रॅपरचं गमतीशीर चरित्र लिहिलं. बऱ्याच दंतकथा त्याच्या मजकुरामुळे पसरल्या. दोन वर्षांनी त्याच रेबर्नने ब्रेसियरचा संशोधक म्हणून ओटो टिट्झलिंग नावाच्या माणसाचं चरित्र काढलं. तो मात्र संपूर्ण बनावट होता, नावातच वात्रटपणा उघड आहे (इंग्रजी बोलीत ‘टिट’ म्हणजे स्तन, ‘स्लिंग’ म्हणजे झोळी). दुसरं पुस्तक थाप म्हणून वाचकांनी पहिलंही थापेत काढलं, आणि वॉटरसाइडचा प्लंबर उगाच गायब झाला. वास्तविक त्याचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत आहे, पेटंटं सरकारी दप्तरात आहेत, आणि २७ जानेवारी १९१० ला वारल्यावर त्याला लंडनच्या एल्मर्स एंड इथल्या दफनभूमीत पुरलं. क्रिकेटचे डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेसही पाच वर्षांनी तिथेच आले. शिवाय वेस्टमिन्स्टर ॲबीच्या फरशीत त्याच्या नावाची मॅनहोलची झाकणं अजून बसवलेली आहेत. पर्यटक राजांच्या थडग्यांवरून पुढे सरकून त्यांच्यावर कागद ठेवतात आणि पेन्सिलीने घासून नाव उमटवून घेतात.