‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ साहेब (की बाई? टोपणनावावरून कळायला मार्ग नाही),

पुण्याच्या वाघोलीतल्या सोसायट्यांच्या वाढत्या टँकरवर मी लेख लिहिला. त्यावर आपण लिहिता, ‘एसी फ्लॅटमध्ये बसून टँकरवाल्याला माफिया म्हणायला काय जातं? नळ कोरडा पडला की त्यालाच फोन करता ना?’ पुढे डिझेलचे भाव, महापालिकेचा नाकर्तेपणा, सोसायट्यांची उधळपट्टी वगैरे.

शीर्षकातला ‘माफिया’ जरा भडक होता, चला, मान्य. पण ‘एसी फ्लॅट’?

माझ्या घरी एसी नाही, आणि असता तरी काय बिघडलं असतं? मी मूळचा लातूरचा. २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटर. तुम्ही ती टीव्हीवर पाहिली असेल. आमची आई तेव्हा भांडी विसळलेलं पाणी संडासासाठी साठवत होती. पाण्याचं मोल मला कुणी शिकवू नये, निदान टोपणनावाने तरी.

आणि फोन? करतो की! सोसायटीच्या कमिटीत आहे, मी नाही तर कोण करणार? टँकर आला की मागच्या शिडीने चढून, झाकण उघडून काठोकाठ आहे का ते मीच बघतो. गेटपासून व्हॉल्व्ह ठिबकत आलेला असतो, ‘साहेब, रस्त्यात हिंदकळलं’ हे ठरलेलं उत्तर मिळतं आणि १०,००० लिटरच्या पावतीवर सही करावी लागते. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने तोंड उघडायचं नाही, हा कुठला न्याय?

ड्रायव्हरशी माझं भांडण नाहीच. हे पाणी उपसलं कुठून, एवढंच मी विचारलं होतं. बोअर शेजारच्या गावातली, आटणार तिथल्याच विहिरी. मुंबईत एप्रिल २०२५ मध्ये विहिरींच्या परवानग्यांवरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा पालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घ्यावा लागला. एवढं शहर ज्या धंद्यापायी अडून बसतं, त्याचा हिशेब मागितला तर तुम्हाला एवढं का झोंबावं? स्वतःचे टँकर तर नाहीत ना? (हे जरा जास्त झालं असेल, पण सुरुवात आपण केलीत.)

बाकीचं थोडक्यात. डिझेल महाग आहेच. महापालिका सोडलीय कुठे? ‘पाण्याची सोय आम्ही करू’ असं बिल्डरकडून हमीपत्र घ्यायचं, बांधकामाला परवानगी द्यायची, आणि ताबा दिल्यावर बिल्डर गायब, हे सगळं त्याच लेखात आहे. शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं. उधळपट्टीवर पुन्हा कधीतरी.

पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा. आणि तुमच्याकडे १०,००० चा टँकर सध्या कितीला पडतो, तेही कळवा.