चिरुटाचं सोवळं

गेले अकरा दिवस आमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळल्यासारखं चाललं होतं. सकाळ-संध्याकाळ आकडा बघायचा, वहीत टिपायचा. परवा मी आतून ओरडलो, "अगं, अठ्ठावन्नवर आलंय!" तर विरजण मागायला आलेल्या समोरच्या काकू उंबऱ्यातच थबकल्या. "ऑक्सिजन? आणि अजून घरीच ठेवलंय?"

ही शांतपणे म्हणाली, "नाही हो काकू. यांच्या विडीची आर्द्रता आहे ती."

विडी नव्हे, सिगार. पण हे वाक्य मी अकरा दिवसांत इतक्यांदा म्हणालो होतो की त्यातला जोर गेला होता.

झालं असं की माझा भाचा डिसेंबरात टोरोंटोहून आला. सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि मला पन्नाशीची भेट म्हणून एक सिगार. एकच. "मामा, क्युबातल्या हवानाचा आहे. अस्सल हातानं वळलेला." मला टोचू नये म्हणून किंमत त्यानं डॉलरमध्ये सांगितली, पण सत्तावीस वर्षं बँकेत काढलेला माणूस गुणाकार केल्याशिवाय राहतो होय! साडेतीन हजार रुपये. माझा धूम्रपानाचा पूर्वानुभव म्हणाल तर कॉलेजात ओढलेल्या दोन सिगारेटी. त्यातली दुसरी पहिलीची आठवण पुसायला ओढली होती.

"अमेरिकेत हा मिळत नाही," भाचा म्हणाला. "१९६२ साली केनेडीनं क्युबाच्या मालावर बंदी घातली. पण सही करायच्या आदल्या दिवशी आपल्या प्रेस सेक्रेटरीला, पिअर सॅलिंजरला, बाजारात पिटाळलं. त्यानं १२०० सिगार गोळा करून आणले, मगच सही झाली." ही हकीकत सॅलिंजरनं स्वतःच पुढे सांगितलीय म्हणे. मला केनेडी एकदम घरचा वाटायला लागला. पेट्रोल रात्री बारानंतर वाढणार असं कळलं की आमचे वडीलही स्कूटर घेऊन असेच रांगेत उभे राहायचे.

मग त्यानं सोफ्यावर मांडी ठोकून मला दीक्षा दिली. सिगारच्या पोटात कुटलेली तंबाखू नसते, अख्खी पानं असतात, उभी चुण्या घालून बसवलेली, म्हणजे मधून धूर यायला वाट राहते. पानंही तीन जातींची. झाडाच्या बुडाकडची व्होलादो, ती नुसती नीट पेटण्यापुरती. मधली सेको, वासासाठी. शेंड्याची लिहेरो. शेंड्याला ऊन जास्त, म्हणून हे पान जाड, कडक आणि सावकाश जळणारं, त्याला कायम मधोमध बसवायचं. त्याभोवती बांधणीचं पान, आणि सगळ्यात वर अंगरख्याचं. हे वरचं पान क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतात पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, उन्हानं रापू नये म्हणून.

"तुझ्या आईलाही तुझ्या आजीनं सोलापुरात असंच वाढवलं," मी म्हणालो. भाच्यानं दुर्लक्ष केलं.

ही पानं आधी वाळवायची, मग ढीग रचून आंबवायची, मग मुरत ठेवायची. लिहेरोला तर किमान दोन वर्षं.

"म्हणजे लोणचंच की," स्वयंपाकघरातून आवाज आला.

लोणचं परवडलं. लोणच्याला ओला हात लावायचा नाही एवढा एकच नियम असतो. सिगारचं सोवळं आमच्या आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक निघालं. उन्हात ठेवायचा नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. वासाच्या वस्तूजवळ ठेवायचा नाही, सगळे वास शोषून घेतो. (आमच्या घरात वास नसलेली वस्तू म्हणजे फक्त गॅसची पासबुकं, आणि तीही हिंगाच्या डबीशेजारी असतात.) पेटवताना काडीचा गंधक जळून जाईपर्यंत थांबायचं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. मिनिटाला एक झुरका, जास्त नाही. राख झटकायची नाही. विझवायचा तर मुळीच नाही. तो आपोआप विझतो, त्याला तसं सन्मानानं जाऊ द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हवेत पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता. त्याखाली गेला की वरचं पान तडकतं, वर गेला की बुरशी.

इथे गाडी अडली. मराठी घराची सगळी हयात एकाच शत्रूशी लढण्यात गेलेली असते, तो म्हणजे सादळणं. पापड सादळतील, कुरडया सादळतील, चिवडा सादळेल, आगपेटी सादळेल. त्यासाठी घट्ट झाकणाचे डबे, डब्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला रबर, आणि रबर कुठं गेलं यावरून भांडण. अशा घरात एक पाहुणा आला ज्याला बेतानं सादळवायचं होतं. पूर्ण नाही, कोरडाही नाही. चिवडा जेव्हा कुरकुरीतही नसतो आणि टाकवतही नाही, त्या अवस्थेत त्याला महिनोन्‌महिने राखायचं. ही चार दिवस माझ्याकडे बघत होती. तिच्या माहेरी सादळलेल्या पापडावरून सुनांना बोल लावलेले आहेत.

सिगार ठेवायची खास पेटी आतून देवदारासारख्या एका सुगंधी लाकडाची असते. आमच्याकडे देवदार नव्हता, टपरवेअर होतं. त्यात भांडी घासायचा कोरा स्पंज, स्पंजावर मोजून अकरा थेंब पाणी, आणि ऑनलाइन मागवलेलं घड्याळाएवढं आर्द्रतामापक. भाच्यानं व्हिडिओ कॉलवर आणखी एक घोर लावला. उकाड्यात तंबाखूतल्या अंड्यांतून बारीक भुंगेरे निघतात आणि सिगार पोखरतात. मी वाचून पाहिलं, तर तोच किडा हळदीलाही लागतो नि तिखटालाही. हे ऐकून ही पहिल्यांदाच मनापासून या प्रकरणात उतरली. "मग एवढे दिवस बोलला का नाहीत? कडुलिंबाचा पाला टाका. नाहीतर एरंडेल चोळून ठेवते." साडेतीन हजारांना एरंडेल चोळण्यापासून वाचवायला मला त्या रात्री डबा उशाशी घेऊन झोपावं लागलं.

ओढायचा कुठं, हा प्रश्न होताच. एक तास निवांत बसायला हवं, असं भाचा म्हणाला होता. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात एक तास निवांत बसलेल्या माणसाला लोक डॉक्टरकडे नेतात. सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी सकाळ-संध्याकाळ प्राणायाम तिथंच करतात. शेवटी ठरवलं, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला जातोच आहोत, तर सोलापूरची गच्ची. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या आजोबांनी दौंडला न राहवून विचारलं, "अस्थी का?"

सोलापूरला आमचं घर पूर्व भागात. भिंतीला भिंत लागून मावशींचं घर. मावशी चाळीसहून अधिक वर्षं विड्या वळतायत. आदल्या रात्री भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा जर्दा. पान, चिमूट, वळण, दोरा, तोंड मुडपलं, झालं. हे लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या तीन होतात. हवानात सुंदर मुली मांडीवर सिगार वळतात अशी एक रसाळ दंतकथा जगभर फिरत असते. ती खोटी आहे. तिथं लाकडी फळीवर वळतात, अर्धचंद्रासारख्या पात्यानं पान कापून. या धंद्यात मांडी खरोखर लागते ती सोलापुरात, आणि सुपाच्या ओझ्यानं ती संध्याकाळपर्यंत बधिर होते.

मी डबा उघडून मावशींपुढे धरला. त्यांनी पदराला हात पुसले, सिगार उचलला, वजन बघितलं, दोन बोटांत हलकेच दाबत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या. डॉक्टर पोट तपासतात तसं. मग कानाशी नेला.

"भिजवण बरोबर हाय," त्या म्हणाल्या. अकरा दिवसांच्या अकरा थेंबांचं चीज झालं. घशात आवंढा आला.

"दोरा कुठाय?"

"दोरा नसतो मावशी. तोंडावर पानाचीच टोपी, झाडाच्या डिंकानं चिकटवलेली."

"दोऱ्याबिगर?" त्यांनी टोपी नखानं चाचपली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यावर कडी केली असावी. "हात चांगलाय. दिवसाला किती करतो ह्यो?"

"शंभरेक."

"शंभर!" त्या सुनेकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या, सून पदर तोंडाला लावून हसली. "आमची मजुरी हजारावर असती बाबा. शंभर करून उरलेला दिवस काय करतो?"

"एक माणूस मंचावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवतो. कादंबऱ्यापण. १८६५ पासूनची पद्धत आहे. एका प्रसिद्ध सिगारचं नाव तर कामगारांच्या आवडत्या कादंबरीवरून पडलंय, असं सांगतात."

मावशींनी कोपऱ्यातल्या टीव्हीकडे पाहिलं. त्यावर कुणाची तरी सासू कुणाच्या तरी सुनेला जिन्यावरून ढकलायच्या बेतात होती. "आमीपण ऐकत ऐकतच वळताव की. विडीला ह्या बाईचं नाव दिलं तर कोन ओढंल?"

मग किंमत. मी कमी करून सांगायचं ठरवलं होतं, पण मध्येच आमची हीच म्हणाली, "साडेतीन हजार." मावशींची बोटं पहिल्यांदाच थांबली. ओठ हलले. "पंचवीस विड्यांचा एक कट्टा... म्हंजे दीडशे कट्टं तरी!" त्यांनी सिगार दोन्ही हातांनी डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.

रात्री जेवणं झाली. शेंगाची चटणी, कडक भाकरी, वर तिळगूळ. मी खुर्ची घेऊन गच्चीवर गेलो. टोपी कापायचं यंत्र भाचा विसरला होता, म्हणून वडिलांचा आडकित्ता नेला. सुपारीवर चाळीस वर्षं चाललेल्या आडकित्त्याला नाजूकपणा शिकवायला मला उशीर झाला होता. टोपी तिरकी गेली. आगपेटीतल्या सतरा काड्या वाऱ्यानं खाल्ल्या, अठराव्याला तो पेटला.

आणि खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं फार छान गेली. भाच्यानं यादी दिली होती, की देवदार लागेल, चामडं लागेल, कॉफी, कोको लागेल. देवदार लगेच सापडला. पेन्सिल तासल्यावर टोकयंत्रातून जो वास येतो ना, तो. मी चौथीत जाऊन आलो. चामडंही सापडलं, नव्या कोल्हापुरी चपलेचं. मग ओल्या मातीसारखं काहीतरी, आणि मागं राहणारी एक गोडूस कडवट चव, करपायच्या जरा आधी उतरवलेल्या गुळाच्या पाकासारखी. भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा तर फारच ठळक होता, पण तो हवानाचा की शेंगाच्या चटणीचा हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. धूर दाट होता, मऊ होता, जिभेवर चक्क बसायचा. राख इंचभर झाली तरी पडली नाही, वरचं पान काळ्या रेघेत गोल जळत होतं. चांगल्या वळणाची ही खूण. दूर सिद्धेश्वराच्या बाजूला जत्रेचे दिवे होते. विजापूर इथून शंभर किलोमीटर. तिथूनच अकबराच्या दूतानं, असद बेगनं, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तंबाखू आणि हुक्का नेऊन अकबरापुढे ठेवला. अकबरानं दोन-चार झुरके घेतले आणि त्याच्या हकिमानं हरकत घेतली. आपल्या गच्चीवर हकीम नाही, या विचारानं मी पाय पसरले.

तेवढ्यात जिन्यात खोकला वाजला. मोठा भाऊ. वय अठ्ठावन्न, मी पन्नास, पण त्याच्यासमोर तंबाखू? दहावीतला मी आतून धावत आला आणि त्यानं सिगार पाठीमागे लपवून तोंडातला धूर गपकन गिळला. लिहेरो मधोमध का ठेवतात ते मला त्या क्षणी कळलं. कानशिलं गरम, कपाळावर घाम, जत्रेतला आकाशपाळणा थेट आमच्या गच्चीवर. इंचभर राख शालीवर.

"काय रे, बरं नाही का?" दादा म्हणाला, आणि माझ्या पाठीमागून येणाऱ्या धुराकडे बघून, "आणि तुझ्यामागं काय जळतंय?"

उत्तर द्यायला मी शुद्धीत नव्हतो. खालून ही आली, तिनं तोंडात तिळगुळाचे तीन लाडू कोंबले. निकोटीन चढलं की गोड खावं, हे तिला कुठून माहीत, हे मी अजून विचारलेलं नाही. सिगार कठड्यावर आपोआप विझला. नियमाप्रमाणे. सन्मानानं. निम्मा.

सकाळी उठलो तर कठडा रिकामा. खाली डोकावलो. मावशी अंगणात बसल्या होत्या, सुपात माझा सिगार उघडा पडला होता. जळकं टोक कापून बाजूला. वरचं पान सुटं करून सपाट पसरलेलं, बांधणीचं पान वेगळं, आतल्या चुण्या एकेक उलगडून ठेवलेल्या. त्या मान वाकडी करून बघत होत्या. "बगून घेतलं कसं केलंय ते," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "चांगला माल हाय, टाकायचा कशाला? आता कट्टा होतोय."

त्यांची बोटं चालू झाली. पान, चिमूट, वळण, दोरा. बरोबर पंचवीस झाल्या. त्यातल्या दोन उजेडात धरून बघितल्या आणि बाजूला टाकल्या. छाट. मग स्वतःच्या जर्द्यातल्या दोन वळून भर घातली, आणि कट्टा बांधून माझ्या हातात दिला.

नेमका तेव्हाच टोरोंटोचा फोन. तिकडे रात्र होती, जागून फोन केला होता पोरानं.

"मामा! ओढलास? शेवटचा थर्ड कसा होता? खरी चव शेवटीच उघडते म्हणतात."

मी हातातल्या कट्ट्याकडे पाहिलं.

"अजून पंचवीस बाकी आहेत," मी म्हणालो.