सनावळ्या कुठे गेल्या? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, (निवृत्त शिक्षक आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून सर म्हणतेय) एवढी मोठी प्रतिक्रिया सवड काढून लिहिलीत त्याबद्दल आभार. उत्तर लांबत गेलं म्हणून इथे वेगळं टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक शास्त्रांसाठी ज्या क्षमता दिल्यात, त्यातली इतिहासाची साधनं (जुनी कागदपत्रं, अहवाल, साक्षी) वाचण्याची आणि पडताळण्याची बाजू मला पटते. त्यावर सरांचं म्हणणं असं की पोरांना पानिपतची तिसरी लढाई कुठल्या शतकात झाली ते सांगता येईना आणि तुम्ही त्यांच्याकडून साधनांची चिकित्सा करून घेताय, आधी पाया मग कळस, प्रोजेक्ट म्हणजे आईबापांना लावलेला गृहपाठ, आणि नवा आराखडा आला की टाळ्या वाजवणारे शिक्षक तयारच असतात.

टाळ्यांचं आधी उरकते. यात नवं आहे काय, की मी टाळ्या वाजवाव्यात? घोकंपट्टी कमी करा, शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, हे २००५ च्या आराखड्यात स्वच्छ लिहिलेलंच होतं. वर्गात त्यातलं किती उतरलं ते तुम्हीही पाहिलंय, मीही पाहतेय. आराखडा बदलला, पुस्तक बदललं, ट्रेनिंगं झाली, आणि युनिट टेस्टला परत तेच रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. पोरं पुस्तकाकडे बघून अभ्यास करत नाहीत हो, पेपरकडे बघून करतात. आणि खरं सांगायचं तर शिक्षकही.

आता मुद्द्याचं. माहिती लागते यावर आपलं भांडणच नाहीये. १९८८ साली अमेरिकेत सातवी-आठवीच्या मुलांवर एक छोटा प्रयोग झाला होता, बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला देऊन ते किती समजलं हे तपासलं, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे निघाली. म्हणजे वाचता येणं हे सुद्धा आधी काय माहीत आहे त्यावर टेकलेलं असतं. त्यामुळे 'गूगलवर सगळं आहे, पाठ कशाला करायचं' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी अजिबात नाही. शोधायचं काय हे कळायलाही डोक्यात काहीतरी लागतंच ना.

माझी अडचण तुमच्या 'आधी' आणि 'मग' मध्ये आहे. आधी आठवीपर्यंत सगळं पाठ, विचार नंतर, असं म्हटलं की ते नंतर कधी येतच नाही. नववीत पोर्शन, दहावीत बोर्ड, पुढे आर्ट्सला गेला नाही तर इतिहास कायमचा सुटला. मग तो मुलगा मोठा होऊन व्हॉट्सअपवर आलेला इतिहास जसाच्या तसा पुढे ढकलतो, तेव्हा सनावळ्या त्याच्या काय कामाला येतात सांगा.

एक तास सांगते, म्हणजे मी काय करते ते नीट कळेल. जालियनवाला बाग. पुस्तकात तारीख असते, १३ एप्रिल १९१९, गाईडमध्ये मृतांचा आकडा असतो, विषय संपला. मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. इंग्रज सरकारने चौकशीला नेमलेल्या हंटर समितीचा ३७९, आणि काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीचा हजाराच्या वर. (या दुसऱ्या समितीत गांधीजींबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते, हे सांगितलं की मागचा बाकही जरा सरसावून बसतो.) विचारलं, खरा कुठला? एक जण लगेच म्हणाला, मॅडम सरकारचा खोटा आणि काँग्रेसचा खरा. वर्गाने माना डोलावल्या.

आता इथे नुसतं 'छान, अजून कोणाचं काय मत' म्हणून पुढे गेलं की झाली चर्चा आणि झाली क्षमता साध्य, रजिस्टरला टिक. तुम्हाला ज्याचा राग येतो ते हेच, आणि मलाही येतो. कारण काँग्रेस सुद्धा एक पक्षच होता की, त्यांना आकडा मोठा दाखवावासा वाटला नसेल कशावरून? हे विचारलं की वर्ग गप्प. मग माहिती द्यावी लागते, आणि ती माझ्याकडे आधी असावी लागते. गोळीबार साधारण दहा मिनिटं चालला, १६५० फैरी झाडल्या, हे गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या खुद्द डायरच्या बाजूनेच हंटर समितीपुढे आलेलं. पंजाबात लष्करी कायदा लागला होता. अधिकाऱ्यांनी मृतांची मोजदाद सुरू केली तीच काही महिन्यांनी, आणि नाव सांगायला पुढे जायचं म्हणजे आपला माणूस त्या सभेत होता हे स्वतःहून कबूल करायचं, मग कोण जाईल? हे कळल्यावर एक मुलगी म्हणाली, मग ३७९ म्हणजे मेलेले नाहीत मॅडम, ज्यांची नावं मिळाली ते. सर, हे वाक्य मला त्या तासाला हवं होतं. ते तिला सन आणि आकडे माहीत होते म्हणून सुचलं, पण नुसते पाठ असते तर कधी सुचलं नसतं.

पुढे आणखी एक गंमत आहे. हंटर समितीतल्या भारतीय सभासदांनी, त्यात मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड होते, आपला वेगळा अहवाल दिला. म्हणजे सरकारी समिती एकच, साक्षी त्याच, आणि निष्कर्ष दोन. 'सरकार म्हणतं' असं एका दमात म्हणता येत नाही हे पोरांना तिथे समजतं. पुढच्या तासाला वेळ पुरला नाही ते सोडा, वेळ कधीच पुरत नाही.

एक मात्र तुमचं शंभर टक्के मान्य. अध्ययन निष्पत्तीची (म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं, त्या यादीतली) काही वाक्यं इतकी गुळगुळीत असतात की त्याखाली काहीही खपतं. 'विविध स्रोतांचे विश्लेषण करतो.' अहो कुठले स्रोत, कुठल्या प्रसंगाचे, आणि विश्लेषण केलं म्हणजे वहीत नेमकं काय दिसलं पाहिजे? आशय न सांगता नुसतं क्रियापद दिलं की ज्याला तयारी आहे तो शिकवतो आणि ज्याला नाही तो तक्ता लावून मोकळा होतो. अमेरिकेत २०१३ साली सामाजिक शास्त्रांसाठी जो आराखडा निघाला तो सगळा प्रश्न आणि शोध यांवर उभा आहे, पण कुठला आशय शिकवायचा हे त्यांनी राज्यांवर सोडलं. त्याला कारणही आहे. १९९४ मध्ये इतिहासाची राष्ट्रीय मानकं तयार झाली, त्यात कोणाला घेतलं कोणाला वगळलं यावरून रान उठलं, आणि १९९५ च्या जानेवारीत सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांचा निषेध केला. आशयाला हात घातला की भांडण, म्हणून सगळे कौशल्याची भाषा बोलतात, ती कोणालाच टोचत नाही. आपल्याकडेही थोडंफार तेच होतंय असं माझं मत आहे, आणि तुमच्या रागाचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं.

प्रोजेक्टबद्दल काय बोलणार. थर्माकोलचा किल्ला आणि नेटवरून काढलेले प्रिंटआउट याला मी मार्क देत नाही. जे करायचं ते वर्गात, माझ्यासमोर, एका पानावर.

राहिला तुमचा शेवटचा टोमणा, की मग परीक्षेत सन विचारणार का नाही. विचारते की. पण असं विचारते: रौलट कायदा, जालियनवाला बाग, टागोरांनी 'सर' किताब परत करणं, हंटर समितीचा अहवाल आणि असहकार चळवळ क्रमाने लावा, आणि यातली कुठलीही एक घटना आधीच्या घटनेशिवाय का घडली नसती ते चार ओळींत लिहा. मार्च १९१९ ते ऑगस्ट १९२० एवढाच काळ आहे. नुसत्या पाठांतरावर क्रम लागतो, चार ओळी लागत नाहीत, आणि नुसत्या मतांवर क्रमच चुकतो. तपासायला जोड्या लावा पेक्षा तिप्पट वेळ जातो ही खरी रड आहे, साठ-साठच्या तुकड्या असल्यावर हे दर चाचणीला जमत नाही, तेव्हा एखादाच असा प्रश्न टाकते आणि बाकीचा पेपर नेहमीसारखा ठेवते.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वेळचे पेपर जास्त कस लावणारे होते. एखाददुसरा जपून ठेवला असेल तर फोटो काढून पाठवा ना. यातले चांगले प्रश्न मी पुढच्या चाचणीत सरळ उचलीन, आणि मुलांनी काय लिहिलं तेही तुम्हाला कळवीन.