कुंडीच्या तळाशी खडे घालताय? आधी एक स्पंज ओला करून बघा

तो मेसेज तुम्हालाही आला असेलच, मला आत्तापर्यंत तीन ग्रुपवर आलाय. घरच्या घरी कुंडीत हर्ब्ज (बेसिल, पुदिना, कोथिंबीर असल्या स्वयंपाकातल्या वासाच्या वनस्पती) वाढवायच्या "सिक्रेट ट्रिक्स". थोडक्यात असं, की तळाशी दोन इंच खडे घाला म्हणजे निचरा होतो, हर्ब्जना ऊन लागत नाही, किचनच्या ओट्यावर छान येतं, रोज न चुकता एक ग्लास पाणी द्या, खत विकत आणू नका, अंड्याची टरफलं, केळ्याच्या सालीचं पाणी आणि कॉफीचा चोथा पुरतो, टोमॅटो खालून काळा पडला तर एप्सम सॉल्ट, कोथिंबीर सात दिवसात तयार, आणि बेसिलचा शेंडा खुडत राहा. एक ट्रिक सोडली तर सगळं चुकीचं किंवा अर्धवट आहे. माझा मेन आक्षेप हा की सगळा मेसेज कुंडीत काय टाकायचं यावर आहे, आणि कुंडीतली झाडं बहुतेक वेळा मरतात ती उजेड कमी आणि पाणी जास्त झाल्यामुळे.

खड्यांपासून सुरू करते, कारण हे मीच कित्येक वर्षं करत होते. ऐकायला पटतंच ना, खडे मोठे, मधे फटी, पाणी सरकन खाली जाणार. पण होतं उलटं. मातीतल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात आणि खाली मोठ्या फटी आल्या की पाणी लगेच उडी मारत नाही, वरची माती तुडुंब भिजेपर्यंत तिथेच अडून बसतं. प्रत्येक कुंडीत तळाला असा एक चिखलाचा थर राहतोच आणि त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते. खडे घातले की तो थर जात नाही, खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अजून जवळ. आठ इंचाची कुंडी आणि दोन इंच खडे म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने सहा इंचाची कुंडी केलीत.

पटत नसेल तर भांडी घासायचा चौकोनी स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. टपटप थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. मातीचंही तसंच, जितकी खोल तितका वरचा भाग मोकळा. म्हणून खड्यांऐवजी कुंडी तळापासून मातीनेच भरा, त्या मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि थोडं परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) मिसळून ती भुसभुशीत करा, खाली भोक हवंच, आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवलात माती वाहू नये म्हणून, तर त्याला माझी काही हरकत नाही.

आता ऊन. "किचनच्या ओट्यावर छान येतं" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने फोटो काढून कुंडी परत बाहेर नेली असणार! आपले डोळे इथे फसवतात. भर दुपारच्या उन्हात उजेड साधारण 1 लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) असतो, आणि खोलीत खिडकीपासून काही फूट आत आलात की बरेचदा काहीशे लक्सच उरतो, पण आपल्याला खोली लख्ख वाटते कारण डोळा अॅडजस्ट होतो, झाडाला ती सोय नाही. फोनवर लक्स मोजायचं अॅप टाकून बघा, आकडा अगदी अचूक नसेल पण फरक बघून दचकाल. बेसिल, रोझमेरी, थाईम, मिरची, टोमॅटो यांना सहाएक तास थेट ऊन हवं. पुदिना, पार्सली, कोथिंबीर तीन-चार तासांवर भागवतात. उजेड कमी पडला की बेसिल लगेच सांगतं, पेरांमधलं अंतर वाढतं, दांडा बारीक होतो, पानं फिकट पडतात आणि सगळं झाड खिडकीकडे मान वाकडी करून उभं राहतं. ऊन नसेलच तर झाडाच्या जवळ ग्रो लाइट (झाडांसाठीचा खास दिवा) लावून बारा-चौदा तास चालू ठेवा, तो ऑप्शन खरंच चालतो.

आणि इथूनच पाण्याचा घोळ सुरू होतो, कारण कमी उजेडातलं झाड पाणीही कमी ओढतं आणि आपण मात्र रोजचा ग्लास ओततोच. माझी रोझमेरी अशीच गेली. पानं मरगळलेली दिसली, मला वाटलं तहानलीये, अजून पाणी घातलं, अजून मरगळली. शेवटी उपटून बघितली तर मुळं तपकिरी, बोटात धरली की साल निघून येत होती आणि गटारासारखा वास. पाण्याने फटी भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, मग ओल्या मातीतही झाड सुकल्यासारखं दिसतं. रोज पाणी नाही, रोज बोट. दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर खालून गळेपर्यंत पाणी, ओलं लागलं तर उद्या बघू. कुंडी उचलून वजनाचा अंदाजही येतो, सवयीने.

किचनमधल्या "खतां"बद्दल पटकन. टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लधर्मी नसलेल्या मातीत ती जवळजवळ विरघळतच नाहीत, मागच्या वर्षीचे तुकडे जसेच्या तसे सापडतात. सालीच्या पाण्यात थोडं पोटॅशियम उतरतं, पण पालेभाजीसारख्या हर्ब्जना मुख्य हवा तो नायट्रोजन त्यात जवळजवळ नसतोच, चिलटं मात्र येतात. कॉफीचा चोथा थेट मातीत घालून ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल वगैरे लावायचा प्रयोग मेलबर्नमध्ये झाला होता, 2016 मध्ये छापून आला, झाडांची वाढ चांगलीच खुंटली. हे सगळं कंपोस्टमध्ये टाका की, तिथे सोनं आहे.

एप्सम सॉल्टचा तर उलटा हिशोब आहे. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळापर्यंत कॅल्शियम न पोचल्यामुळे, आणि कुंडीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे एक दिवस कोरडठाक, एक दिवस तुडुंब. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं आणि ते शोषताना कॅल्शियमशीच स्पर्धा करतं, म्हणजे आजार वाढायची सोय.

सात दिवसात कोथिंबीर? सात दिवसात धने नुसते उगवायला लागले तरी खूश व्हा, बरेचदा दोन आठवडे लागतात. कापण्याजोगी व्हायला महिना-दीड महिना. आणि धने हलके रगडून दोन फाका करा, एका धन्यात दोन बिया असतात. रोप एका जागेवरून दुसरीकडे हलवू नका, सोटमूळ दुखावलं की रुसते.

बरोबर असलेली ती एक ट्रिक म्हणजे बेसिलचा शेंडा खुडत राहा. एका शेंड्याच्या जागी दोन फुटतात, झाड डेरेदार होतं, फुलंही उशिरा येतात. फक्त मेसेजमधल्या फोटोत कात्री पानांच्या जोडीच्या खाली धरलीये, तुम्ही वर धरा, नवीन फुटवे त्या पानांच्या बगलेतूनच येतात.