चोरीला गेलेला मोबाइल ईमेलने सापडतो? खुलासा

‘मोबाइल चोरीला गेला? आयएमईआय नंबर पोलिसांच्या व्हीएसएनएलच्या ईमेलवर पाठवा, २४ तासांत फोन सापडेल’ हा मेसेज परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा उगवला. यातलं अर्धंच खरं. *#०६# डायल केलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो, दोन सिमच्या फोनला दोन. तो खोक्याच्या स्टिकरवरही असतो, म्हणून खोका रद्दीत देऊ नका.

पण ईमेलवर फोन शोधून देणारी यंत्रणा नाही. आणि व्हीएसएनएल या टेलिकॉम कंपनीचं नाव २००८ मध्येच बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं! मेसेजचं वय त्यावरूनच कळावं.

खरा रस्ता असा: आधी पोलिसांत तक्रार, मग त्याच नंबरचं नवं सिम (ओटीपी त्यावरच येतो) आणि मग दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर ‘सीईआयआर’मध्ये (हरवलेले-चोरीचे फोन ब्लॉक करणारी सरकारी यंत्रणा) तक्रारीची प्रत जोडून अर्ज. त्यानंतर तो फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. चोराने दुसरं सिम घातलं की त्याचा माग पोलिसांना लागू शकतो. २४ तासांची हमी मात्र कुणीच देत नाही. फोन सापडलाच, तर त्याच पोर्टलवरून अनब्लॉक करायचा.