कारखाना सगळ्यांचा, वायरिंग माझं

मी साखर कारखाना काढतोय असं मेहुण्याला सांगितलं, तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "पॅनल कुणाचं?" नगर जिल्ह्यातला माणूस. कारखाना म्हटलं की आधी निवडणूक, मग ऊस. मी म्हटलं, पॅनल प्लायवूडचं, आठ बाय चारचं, आणि कारखाना त्याच्यावरच उभा राहणार आहे. शेजारून रेल्वेसुद्धा जाणार आहे. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताईला माहीत आहे का?"

ताईला माहीत होतं. बाहेरच्या खोलीतला दिवाण हलवून तिथे आठ बाय चारचा प्लाय टाकला, तर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ही गोष्ट कोणापासून लपणार?

छोट्या रेल्वेचं हे वेड मला कोथरूडच्या जोशींच्या संग्रहालयात लागलं. लेकीला दाखवायला घेऊन गेलो; ती तासाभरात कंटाळली, मी नाही. मग परदेशातल्या भाच्याकरवी एक इंजिन, काही वॅगनी आणि रूळ आले. माप एचओ, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. या मापात पावणेसहा फुटी माणूस दोन सेंटीमीटरचा होतो आणि दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलीमीटर. तयार इमारतींची किटंही मिळतात, पण बहुतेक युरोपातली: लाकडी पट्ट्यांच्या भिंती, उतरती लाल छपरं, चर्च, बिअरचा कारखाना. दौंड-मनमाड लाइनवर, काळ्या रानात, बाभळींच्या रांगेत ते चर्च कुठे ठेवू? आम्ही श्रीरामपूरचे. (तिथल्या स्टेशनाचं नाव बेलापूर. नवी मुंबईला निघालेले पाहुणे कधीमधी आमच्याकडे उतरतात.) जिथे 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू केला, त्या मुलखातला माणूस रेल्वेशेजारी दुसरं काय बांधणार? तर साखर कारखाना, आणि तोही किटाशिवाय, पुठ्ठ्यापासून.

आधी प्रकल्प अहवाल केला. रोज 2,500 टन गाळपाचा कारखाना धरला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशी पटींनी लहान, म्हणजे आकारमान साडेसहा लाखांहून जास्त पटींनी लहान. त्या हिशेबाने आमचं गाळप दिवसाला 3.8 किलो. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला सकाळच्या बोहनीलाच याहून जास्त ऊस पिळतो. अकरा टक्के उतारा धरला तर साखर चारशे ग्रॅमच्या आसपास. हे ऐकून ही म्हणाली, "म्हणजे चहापुरती. आणि उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला भाव, कोण देणार?"

धुराड्यापासून सुरुवात केली. खरं धुराडं साठ मीटरचं धरलं तर आपलं 69 सेंटीमीटरचं हवं. पीव्हीसी पाइप कापला, पॉलिश पेपरने घासला, वर गेरूचे पट्टे मारले आणि उभा केला. आईच्या खुर्चीतून बघितलं तर तो बरोबर टीव्हीच्या मधोमध येत होता. मालिकेतला जो कोणी बोलायला पुढे येई त्याच्या नाकातून धुराडं निघे. त्या रात्री घरात सर्वसाधारण सभा झाली आणि धुराडं चाळीस सेंटीमीटर करण्याचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. विरोधात एक मत होतं, ते इतिवृत्तात आलेलं नाही.

छपराचं काम मात्र कोणी अडवलं नाही, कारण ते कोणाला कळलंच नाही. कारखान्याच्या पन्हाळी पत्र्याची एक लाट साधारण 75 मिलीमीटरची असते. आपल्या मापात ती एक मिलीमीटरच्याही आत. असा पत्रा बाजारात मिळत नाही. पण एम-5 च्या बोल्टाचे आटे असतात 0.8 मिलीमीटरवर! लग्नाच्या जेवणातले ॲल्युमिनियमचे डबे जपून ठेवले होते. त्यांचा तळ कापून जुन्या रबरी चपलेवर पसरायचा आणि एम-5 ची आटेदार सळई त्याच्यावरून तळहाताने दाबून लाटायची. एका दाबात पत्र्यावर बारीक, समांतर लाटा उठतात. दाब कमी पडला तर उमटत नाहीत, जास्त पडला तर फाटतो. मग त्याचे 28 बाय 9 मिलीमीटरचे तुकडे करायचे. खालचा पत्रा आधी, त्याच्यावर वरचा, जसा गवंडी घालतो तसा. वर गंजासाठी भिजवलेली काव, एका जागी पत्रा उचकटलेला, एका जागी नवाकोरा. मला विचाराल तर सबंध कारखान्यात बघण्यासारखं हे छप्पर तेवढं आहे. बघणारे थेट धुराडं बघतात.

इमारती वर येऊ लागल्या तशी घरातली माणसं एकेक करून सभासद झाली. आईने फाटकाशी मारुतीचं देऊळ मागितलं. "बिनमारुतीचा कारखाना कधी बघितलायस का?" नव्हता बघितला. देऊळ आलं, त्याच्या शेजारी चहाची टपरी आली, पारावर बसलेली चार माणसं आली. हिने सगळी मांडणी एकदा डोळ्यांखालून घातली आणि विचारलं, "एवढ्या कारखान्यात बायकांसाठी संडास कुठंय?" मी म्हटलं, खऱ्या कारखान्यातसुद्धा... पुढचं वाक्य मी गिळलं आणि दुसऱ्या दिवशी काटाघराच्या मागे संडास बांधला. लेकीने दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रांगेत लावले, मागे बैलगाड्या. फाटकाबाहेर चिपाडाच्या कोप्या उभ्या केल्या, बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या. तिथे दिवा कुठून द्यायचा याचा मी विचार करत होतो, तर ती म्हणाली, "तिथे लाइट नसते, बाबा." माझी एक वायर वाचली. वाचल्याचा आनंद काही झाला नाही.

आणि बगॅस, म्हणजे रस काढून उरलेली चिपाडं. बॉयलरशेजारी बगॅसचा ढीग नसेल तर तो कारखाना कसला? भुसा रंगवून बघितला, पटेना. मग रसवंतीवाल्याकडून खरी चिपाडं आणली, गच्चीत वाळवली आणि घरात कोणी नसताना मिक्सरमधून काढली. रंग अस्सल, पोत अस्सल. तिसऱ्या दिवशी मुंग्यांनाही ते पटलं. तीन मिलीमीटरची मुंगी एकास सत्त्याऐंशीत सव्वीस सेंटीमीटरची होते. मांजराएवढ्या तांबड्या मुंग्या एका ओळीत काट्यावरून, ऊस टाकायच्या गव्हाणीतून, चेअरमनच्या केबिनवरून बॉयलरकडे निघालेल्या! टपरीवरचे दोघे जण आडवे झाले होते. हळदीची रेघ ओढून कारखाना वाचवला. ती पिवळी रेघ अजून आहे; बघणाऱ्यांना मी ती कच्च्या रस्त्याची हद्द म्हणून सांगतो.

रेल्वेतून निवृत्त झालेले शेजारचे काका एका संध्याकाळी आले. आयुष्यभर रुळांवरून पायी हिंडलेला माणूस. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून स्टीलची पट्टी काढली, रुळांवर आडवी धरली.

"हे ब्रॉडगेज नाही."

"काका, मॉडेल आहे हो."

"मॉडेल असू दे. 1,676 भागिले 87 किती?"

एकोणीस पॉइंट सव्वीस. माझे साडेसोळा. म्हणजे पावणेतीन मिलीमीटर कमी, कारण एचओचे रूळ युरोपच्या 1,435 मिलीमीटरवरून आलेले. काका म्हणाले, "माझ्या सेक्शनमध्ये असतं तर गाडी सोडली नसती." पण जाताना चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पेन्शनीतल्या मित्राला दाखवायला घेऊन आले.

इथपर्यंत सहकार होता. प्लायच्या वर जे काही चालतं त्यात प्रत्येकाला मत असतं, हात असतो, हौस असते. प्लायच्या खाली कोणी येत नाही.

आईला टीव्ही दिसावा म्हणून प्लाय जमिनीपासून फक्त दोन फुटांवर बसवलेला. त्या दोन फुटांत चटईवर उताणं पडायचं, कपाळाला बॅटरी बांधायची आणि छातीवर वायरींचं भेंडोळं घ्यायचं. वीज वरच्या रुळांत जायला हवी म्हणून मधून जाड दोन तारा आणि त्यांना प्रत्येक रुळाच्या तुकड्यापासून खाली आलेल्या बारीक तारांचे सांधे. नुसत्या जोडपट्ट्यांवर विसंबलं तर गाडी लांबच्या वळणावर दमते. हे सांधे सोल्डरने द्यायचे. टेबलावर बसून सोल्डरिंग ही कला आहे. उताणं पडून, डोक्याच्या वर, हे वेगळंच प्रकरण आहे, कारण वितळलेलं शिसं-कथील वर चिकटण्याऐवजी न्यूटनचं ऐकतं. माझा एक बनियन आता चाळणीसारखा दिसतो. आईने वरून विचारलं, "डाखच द्यायचाय ना? मग कल्हईवाल्याला का नाही बोलवत?" वायरींखालून मी काय उत्तर दिलं ते वर ऐकू गेलं नाही, हे बरं झालं.

वायरही एकाच रंगाची. तपकीर गल्लीत तांबडी-काळी मागितली तर दुकानदार म्हणाला, "बारीकमध्ये फक्त पिवळी आहे. कशाला हवी?" मी म्हटलं, साखर कारखान्याला. त्याने माझ्याकडे, मग माझ्या स्कूटरकडे बघितलं आणि म्हणाला, "मग पिवळीच चालेल." सगळं वायरिंग पिवळं. म्हणून प्रत्येक टोकाला चिठ्ठ्या बांधल्या, हिच्या अक्षरात: काटा धन, काटा ऋण, गव्हाण धन, गव्हाण ऋण. आईने त्या वाचल्या. "मारुती ऋण? देवाला ऋण काय लावता?" आता तिथे 'मारुती धन' आणि 'मारुती श्री' अशा दोन चिठ्ठ्या आहेत. रात्री अकराला श्री म्हणजे ऋण हे आठवावं लागतं.

दिव्यांचं गणित सोपं असतं असं म्हणतात. बारा व्होल्ट वीज, पांढरा एलईडी तीन व्होल्ट घेणार, उरलेल्या नवांसाठी मध्ये 470 ओहमचा रेझिस्टर. त्याच्यावर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे. शेवटचा पट्टा तपकिरीऐवजी लाल असला तर तो 4,700 ओहमचा. पन्नाशीच्या डोळ्यांना, बॅटरीच्या उजेडात, तांदळाएवढ्या तुकड्यावरचा तपकिरी आणि लाल हा फरक जगातल्या कुठल्याही चष्म्याने कळत नाही. परिणामी गोदामाची निम्मी बाजू लख्ख आणि निम्मी मिणमिणती. मेहुणा बघून म्हणाला, "वा! लोडशेडिंगपण दाखवलंस!"

पण सगळ्यात जास्त छळलं ते वळसा घेऊन परत येणाऱ्या रुळाने. गाडी कारखान्यापर्यंत जायची आणि उलटी मागे यायची, एवढंच माझ्या योजनेत होतं. आईला ते पसंत नव्हतं. "गाडी पाठ दाखवून काय येते? वळून येऊ दे." ठराव झाला. आता यात गोम अशी: एक रूळ धन, दुसरा ऋण. गाडी फुग्यासारखा वळसा घेऊन त्याच रुळावर परत आली की जाताना डावा असलेला रूळ येऊन उजव्याला मिळतो. म्हणजे धनाला ऋण भेटतं आणि सगळं बंद. हे सभासदांना समजावण्यात एक अख्खा रविवार गेला. आईने शेवटी विचारलं, "मग खऱ्या गाडीचं असं कसं होत नाही?" खऱ्या गाडीला वीज वरच्या तारेतून मिळते आणि डिझेल तर आपलं आपण पेटतं, हे मी सांगितलं; पण ते उत्तर देताना मी पुन्हा उताणा होतो, त्यामुळे त्यात वजन नव्हतं. वळशाचे रूळ दोन्ही टोकांना कापले, मध्ये प्लास्टिकच्या जोडपट्ट्या घातल्या, वळशाबाहेरच्या रुळांसाठी वेगळा दुहेरी स्विच बसवला. गाडी वळशात असताना तो उलटा करायचा. विसरला की गाडी उभी.

ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी आहे. पाहुण्यांपुढून मद्याची काचपात्रं नेते आणि कोणी पात्र उचललं की आपोआप थांबते. पुन्हा ठेवलं की निघते. त्या काळातल्या माणसांनी हे बसवलं कसं, याचा विचार करत मी दोन फुटांच्या पोकळीत पडून राहतो. माझी गाडी थांबण्यासाठी कोणी काही उचलावं लागत नाही.

रुळांचा सांधा बदलणाऱ्या मोटारीची एक गुंडाळी भाच्याने जाळली. ते बटण दाबून लगेच सोडायचं असतं. त्याने दाबून धरलं आणि "मामा, वास येतोय" म्हणाला. वास मळीचा नव्हता.

दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन ठेवलं. बॉयलरमध्ये लुकलुकणारा नारिंगी एलईडी. आईने हळदकुंकू वाहिलं, गव्हाणीत मोळी म्हणून केरसुणीच्या पाच हिरांचे तुकडे लेकीच्या हस्ते टाकले, मेहुण्याने न मागता भाषण केलं. काकांनी हिरवं निशाण आणलं होतं, खरं, घडी पडलेलं. पण आधी त्यांनी कॉशन ऑर्डर काढली: नवीन लाइन, ताशी पंधरा किलोमीटर. हिशेबही करून आणला होता. एकास सत्त्याऐंशीत मीटरभर रुळाला एकवीस सेकंद. हातातलं घड्याळ काढून ते समोर बसले आणि मी रेग्युलेटर अंगठ्याने हळू हळू फिरवू लागलो. मळीच्या टाक्यांची गाडी काट्यामागून निघाली. वळशात शिरली, मी स्विच उलटवला, ती बाहेर आली. काका म्हणाले, "एकोणीस सेकंद. जास्त आहे." टाळ्या झाल्या.

मग हिच्या लक्षात आलं. देवळात दिवा, काटाघरात दिवा, संडासातसुद्धा दिवा. चेअरमनच्या केबिनमध्ये मात्र काळोख. सगळ्यांनी आधी केबिनकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी चटई कुठे आहे ते शोधू लागलो, तेवढ्यात आई म्हणाली, "राहू दे रे. चेअरमन मुंबईला गेलेत."

त्याला आता महिने झाले. चेअरमन मुंबईलाच आहेत.