नागपूरच्या रुंद रस्त्यांबद्दल थोडं

माझ्यापुरतं सांगते. रात्री दोन वाजता बाईमाणसाला नागपुरात सगळ्यात निर्धास्त वाटेल अशी जागा म्हणजे दसऱ्याच्या रात्रीचा दीक्षाभूमीसमोरचा फुटपाथ.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक येतात. रहाटे कॉलनीपासून लक्ष्मीनगरपर्यंत कडेकडेनं चादरी अंथरलेल्या, पुस्तकांचे स्टॉल उघडे, कुठं भोजनदान चाललेलं, लेकरं आयांच्या कुशीत गाढ झोपलेली. काही वर्षांपूर्वी पुस्तकं घेऊन निघता निघता वाशिमकडच्या एका आजीजवळ टेकले. एकटीच आलेली, पिशवी उशाला. म्हटलं, आजी, एकट्या झोपता इथं, भीती नाही वाटत? ती म्हणे, "भीतीचं सोड वं बाई, पाय लय दुखून राह्यले. बामबिम हाय का तुयाजोळ?"

आता सिव्हिल लाईन्स घ्या. पाहुणे आले की आपण त्यांना मुद्दाम तिकडून फिरवतो. झाडांच्या कमानी, रुंद रस्ते, बंगल्यांच्या लांबच लांब भिंती. दिवसा मलाही अभिमान वाटतो. रात्री साडेनऊनंतर त्याच रस्त्यानं माझी स्कूटी आपोआप साठवर जाते. भिंत आणि भिंत, मध्ये एक गेट, गेटवर मोबाईलमध्ये डोकं घातलेला चौकीदार. उद्या मी ओरडले तर दार कोण उघडेल? बंगला रस्त्यापासून इतका आत की आवाज पोचायलाच नको. अपवाद डिसेंबरचा. अधिवेशन लागलं की चौकाचौकांत पोलीस असतात आणि ते दिवस तिकडून रमतगमत जाता येतं. आमदार गेले की पोलीस गेले. (बॅरिकेडमुळे तेव्हा रस्ताच अर्धा बंद असतो, तो भाग वेगळा.)

उलट जुन्या नागपुरातलं महाल, इतवारी. तिथल्या गल्ल्यांत दोन स्कूट्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं घ्यावी लागते. घरांचे ओटे रस्त्यावर, पानठेल्यावर चार टाळकी, वरच्या खिडकीतून कोणाची तरी आजी खाली बघत असते आणि तुम्ही कुठून आल्या, कोणाकडे चालल्या, याची नोंद घेते. तरुणपणी मला या आजीचा राग यायचा. आता येत नाही, असं नाही, पण रात्री ती खिडकीत असावी असं वाटतं.

मी धंतोलीत एका लॅबमध्ये काम करते. संध्याकाळची पाळी, सुटायला साडेनऊ होतात. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घरापर्यंत सोडायची सोय हवी. याआधी मी जिथं होते तिथं संमतीच्या कागदावर पहिल्याच दिवशी सही घेतली होती. गाडी मात्र दोन आठवडे आली. मग ड्रायव्हर सुट्टीवर गेला, तो मी नोकरी सोडेपर्यंत सुट्टीवरच होता.

स्कूटी गॅरेजमध्ये असली की मेट्रो. २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही सगळ्या हरखलो होतो, आणि खरंच, डब्यात बसलं की जिवाला स्वस्थ वाटतं. उजेड, कॅमेरे, गार्ड, शिवाय दोन-चार तरी बाया. सीताबर्डीला गाडी बदलायची आणि सुभाषनगरला उतरायचं. सरकत्या जिन्यावर असते तोपर्यंत मी एकविसाव्या शतकातली नागरिक. जिना संपला की समोर हिंगणा रोड, भरधाव ट्रक आणि दीड किलोमीटर. दहाच्या सुमारास शेवटची गाडी गेली की जिन्याखालचे आटोही निघून जातात. एखादा थांबलेला असतो, तो तीनपट मागतो. एका म्हाताऱ्या आटोवाल्यानं मात्र मला बसायच्या आधी खाली उभं केलं होतं. "बेटा, पहले गाडी का फोटो निकाल, घर पे भेज, फिर बैठ." त्या माणसाला मी मनातल्या मनात अजून नमस्कार करते.

रात्रीचं सगळेच बोलतात. मे महिन्यातल्या दुपारी दोनचं कोणी बोलत नाही. पंचेचाळीस अंशांत नागपूर स्वतःहून संचारबंदी पाळतं. शटर खाली, कुत्रीसुद्धा गाडीखाली. आम्ही पोट्ट्या डोळे सोडून सगळं दुपट्ट्यात गुंडाळून निघतो, पण तोंडाला रुमाल पोट्टेही बांधतात, त्यामुळे मागं लागलेला कोण हे कधीच कळत नाही. एकदा बजाजनगरपासून एक बाईक मागं होती. मी हळू केली की ती हळू. घराची गल्ली दाखवायची नाही एवढं सुचलं, म्हणून पुढं नेऊन सरळ कूलरची खस बदलणाऱ्याच्या दुकानापुढं गाडी लावली. सगळ्या रस्त्यावर तेवढा एकच माणूस जागा होता. त्यानं काही विचारलं नाही. कळशीतलं पाणी दिलं, स्टूल सरकवला आणि त्या बाईककडे बघत खस ठोकत बसला. बाईक निघून गेली.

मला एवढंच म्हणायचंय की या गावात मला जेव्हा जेव्हा सुरक्षित वाटलं, तेव्हा कोणीतरी आपापलं काम करत रस्त्यावर बसलेलं होतं. सकाळी पाचला तर्री पोह्याची कढई चढवणारा, धंतोलीतलं रात्रभर उघडं मेडिकल. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, त्यामुळे गाड्या रात्रभर येतात. तीनला उतरलेली बाई बाहेरच्या चहावाल्याचा उजेड बघूनच ठरवते, आत्ता निघायचं की वेटिंग रूममध्ये उजाडायची वाट बघायची.

आणि बाया. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. खजिन्याचं काय झालं ते अर्थवाल्यांनी सांगावं, मला गणेशपेठ स्टँडवर रात्री नऊला पडलेला फरक दिसतो. पूर्वी तिथं नवऱ्याची वाट बघत अंग चोरून उभ्या असलेल्या दोघी-तिघी असायच्या. आता घोळके असतात, थैल्यांवर बसून चिवडा खातात. स्कूटीनं आम्हाला मोकळं केलं हे खरंच, पण स्कूटीवरची बाई रस्त्याला सोबत देत नाही. भुर्रकन जाते. मीही जाते.

गर्दी म्हणजे सुरक्षितता, असं मात्र मी म्हणणार नाही. कस्तुरबानगर याच शहरात आहे. तिथं घराला घर लागलेलं, सगळे जागे, सगळ्यांना सगळं माहीत, तरी एका गुंडानं वर्षानुवर्षं बायकांना छळलं. १३ ऑगस्ट २००४ ला बायकांच्या जमावानं त्याला, अक्कू यादवला, भर न्यायालयात मारलं, तेव्हा मी कॉलेजात होते. घरी वडील म्हणाले, "कायदा हातात घ्यायला नको होता." आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "कोणाच्या हातात होता मग?" त्यावर आमच्या घरात पुढं कधीच बोलणं झालं नाही.

म्हणून पोलिसांचा ११२ आणि महिला हेल्पलाईनचा १८१ हे नंबर फोनमध्ये ठेवा, मीही ठेवलेत. पण पोट्टीला कॉलेजसाठी नागपुरात ठेवताय आणि खोली बघताय, तर घरमालकीण "आठच्या आत घरात" म्हणते का याच्याआधी हे बघा की गल्लीच्या तोंडाशी रात्री दहाला काय उघडं असतं. आठच्या आतवाल्या घराबाहेर मी स्वतः सव्वाआठला अर्धा तास उभी राहिलेली आहे. कुलूप आतून होतं.

सुभाषनगरच्या जिन्याखाली एक अंड्याचा ठेला लागायचा. कळकट, गळका टेबल. पण गॅसबत्ती लावून साडेदहापर्यंत असायचा, आणि त्याच्यापर्यंत पोचलं की अर्धा रस्ता संपल्यासारखं वाटायचं. पावसाळ्यात एक दिवस अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि ठेला उचलून नेला. फुटपाथ मोकळा झाला म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर टाळ्यांचे फोटो. जागा आता स्वच्छ आहे. काळोखी आणि स्वच्छ.

परवा उतरले तर तिथंच भुट्ट्याची गाडी. शेगडीवर वारा घालत एक बाई बसलेली. भूक नव्हती, तरी दोन घेतले. विचारलं, किती वाजेपर्यंत असता?

"कोयसे हायेत तवर."